विहिरीतील नायट्रेट : गावची पाणी तपासणी शेतीसाठी कशी वाचावी?

प्रवरा व मुळा खोऱ्यातील ऊस पट्ट्यात दिलेल्या युरियाचा काही भाग पिकाला न लागता पाण्याबरोबर खाली झिरपतो आणि विहिरीत उतरतो. हे ओळखण्याची सोय गावातच होऊ शकते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या विहिरीचे पाणी त्यांच्याकडून तपासून घ्या.

नमुना : पंप १५ ते २० मिनिटे चालू ठेवा. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने विसळून भरा. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर असे दोनदा तपासा.

नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असल्यास ते पाणी पिऊ नये. तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वाधिक असतो. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही.

शेतासाठी हाच आकडा खताचा हिशेब आहे. ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या पाण्याच्या ८ सेंमी खोलीच्या एका पाळीतून एकरी सुमारे ३ किलो नत्र जमिनीत जाते. दहा पाळ्यांत ३० किलो, म्हणजे युरियाच्या एका गोणीहून अधिक! माती परीक्षण करून तेवढी मात्रा कमी करा आणि युरिया हप्त्यांत विभागून द्या.

पाण्याची क्षारता व सोडियमचे प्रमाण मात्र प्रयोगशाळेतूनच तपासून घ्यावे.