पत्रिका, फ्लेक्स आणि कंट्रोल + क्यू

सकाळी सव्वासहा

ज्येष्ठ लागला की बारामतीत आमच्या धंद्याला दोन्हीकडून ओढ असते. लग्नसराई संपत आलेली असते पण संपलेली नसते, आणि तुकोबांच्या पालखीच्या स्वागताचे फ्लेक्स दाराशी येऊन उभे राहतात. दुकान नऊला उघडतं, काम मात्र चहाच्या आधीच फोनवर सुरू होतं. रात्रीतून आलेले फोटो बघतो. नवरदेव, नवरी, कुलदैवत, मंडळाचे अध्यक्ष, सगळे व्हॉट्सॲपवरून आलेले आणि बहुतेक सगळे पिचलेले. फोनमध्ये काही एमबींचा असलेला फोटो साध्या पद्धतीनं पाठवला की काहीशे केबींवर येतो. पत्रिकेवर तो छापला की चेहरा पिठूळ दिसतो.

म्हणून उत्तर एकच जातं: फोटो पुन्हा पाठवा, पण पिनेच्या खुणेवर दाबून ‘गॅलरी’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ निवडा. तसा पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी येते. ही चार ओळींची सूचना मी रोज टंकत बसत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ‘क्विक रिप्लाय’ म्हणून ती साठवलेली आहे, तिरकी रेघ आणि एक अक्षर दाबलं की सगळा मजकूर समोर येतो. धंदा नसलेल्यांनीही फोनच्या कीबोर्डमधली ‘पर्सनल डिक्शनरी’ उघडून बघावी. घरचा पूर्ण पत्ता किंवा बँकेचा आयएफएससी कोड एका छोट्या शब्दाला बांधून ठेवता येतो, आणि दर वेळी पासबुक शोधायची पाळी येत नाही.

नऊ

शटर वर जातं न जातं तोच अभ्यासिकेतली मुलं येतात. बँक भरतीच्या फॉर्मला फोटो 20 ते 50 केबी आणि सही 10 ते 20 केबी लागते. बरीच दुकानं यासाठी पैसे घेतात. घेऊ देत, पण मी मुलांना शेजारी बसवून दाखवतो. सही पांढऱ्या कागदावर काळ्या पेनानं करा, उजेडात फोटो काढा, पेंटमध्ये उघडून सहीच्या कडेनं कापा, मग ‘रीसाइझ’मध्ये टक्केवारी सोडून पिक्सेल निवडा. फोटोला 200 बाय 230, सहीला 140 बाय 60. जेपीजी म्हणून साठवलं की फाइल बहुतेक वेळा मापात येते. दोन मिनिटांत शिकलेला मुलगा पुढचा फॉर्म अभ्यासिकेतच भरतो, आणि बहिणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन माझ्याकडे येतो. गिऱ्हाइकाला युक्ती सांगितली तर धंदा बसेल असं म्हणणारे आमच्या लाइनीत आहेत. मला ते पटत नाही. नीट फोटो आणि नीट मजकूर घेऊन येणारं गिऱ्हाईक माझा अर्धा तास वाचवतं.

दहा

दोघे भाऊ आले, काटेवाडीच्या पलीकडच्या वस्तीवरचे. आई गेली, परवा दशक्रिया. हातात काचेच्या फ्रेममधला लग्नातला जुना ग्रुप फोटो आणि आधार कार्ड. आईचा एकटीचा फोटो घरात नाही.

“आधारवरचा जमतोय का बघा की,” थोरला म्हणाला.

आधारवरचा फोटो टिकलीएवढा असतो, तो मोठा केला की चेहरा हरवतो. ग्रुप फोटोत आई तिसऱ्या रांगेत, डोक्यावरून पदर, अर्धा चेहरा सावलीत. पण तोच घ्यायचा.

पहिली गोष्ट म्हणजे फोटो फ्रेममधून ओढून काढायचा नाही. वर्षानुवर्षं दमट भिंतीवर राहिलेला फोटो काचेला चिकटतो, ओढला की वरचा थर काचेवरच राहतो. फ्रेम तशीच दारापाशी आडवी ठेवली, ऊन थेट पडणार नाही अशी. फ्लॅश बंद. गुगलचं ‘फोटोस्कॅन’ नावाचं फुकट ॲप आहे. ते चार ठिपके दाखवतं, प्रत्येक ठिपक्यावर फोन नेला की वेगवेगळ्या कोनांतून टिपतं आणि काचेवरची चमक काढून टाकून एकच फोटो बनवतं. घरातले जुने फोटो जपायचे असतील तर एका रविवारी बसून हे काम करून घ्यावं, माणसं गेल्यावर घाईत करण्यापेक्षा.

मग खरी नाजूक बाजू. आता फोनवर चेहरा उजळवणारी एआय ॲप्स ढिगानं आहेत. अंधूक चेहरा टाकला की लखलखीत चेहरा बाहेर येतो. पण ते डोळे ॲपनं रचलेले असतात. नाक थोडं सरळ होतं, गालावरची सुरकुती जाते, आणि समोर बसलेली मुलं गप्प होतात, कारण ती त्यांची आई उरत नाही. म्हणून मी फोटोशॉपमध्ये मूळ फोटो खाली ठेवतो आणि उजळवलेला वरच्या लेयरवर. वरच्याची ओपॅसिटी चाळिसाच्या आसपास आणतो, मास्क लावून डोळे आणि ओठ पूर्ण मोकळे करतो. पदर, केस, गाल यांना उजाळा मिळतो, नजर मात्र मूळचीच राहते. मागचे पाहुणे काढले. नथीचा खडा सावलीत गेला होता, तो तसाच राहू दिला.

पडद्यावर सगळंच छान दिसतं, म्हणून चार बाय सहाची एक प्रिंट काढून धाकट्याच्या हातात दिली. त्यानं बराच वेळ बघितली. “मावशीला दाखवू का?” म्हणाला. दाखवलीच पाहिजे. तिचा होकार आल्याशिवाय मी कार्ड छपाईला सोडणार नाही.

साडेअकरा

एका पतसंस्थेचे सचिव वार्षिक अहवालाची जुनी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन आले. नव्या मशीनवर उघडली तर सगळीकडे रोमन अक्षरं, डॉलरची खूण, कंस, उद्गारचिन्हं. सचिवांना वाटलं व्हायरस शिरला.

व्हायरस वगैरे काही नसतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्री-लिपी’नं मराठी छपाईला संगणकावर उभं केलं. आमची पिढी त्यावरच शिकली, ते ऋण मोठं आहे. पण त्या काळच्या फाँटांची पद्धत अशी की संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, फाँट त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. मशीनवर फाँट नसला की चेहरा जातो आणि खालची चिन्हं उघडी पडतात. युनिकोडमध्ये ‘क’चा स्वतःचा क्रमांक असतो, तो कुठल्याही फोनवर ‘क’च राहतो.

रूपांतर करणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. मजकूर चिकटवला की क्षणात युनिकोड होतो. त्यानंतरचं वाचन मात्र कधीही टाळू नये, आणि चूक कुठे असते हे माहीत असलं की वाचन सोपं जातं. जुन्या फाँटात ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि ‘क’ नंतर, जशी डोळ्याला दिसते तशी. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे ‘क’ आधी, वेलांटी नंतर. त्यामुळे कन्व्हर्टरचा पाय घसरतो तो पहिल्या वेलांटीवर, रफारावर आणि ‘ऱ्या’वर. ‘कार्यक्रम’, ‘वार्षिक’, ‘शेतकऱ्यांच्या’ एवढे तीन शब्द शोधून बघितले तरी रूपांतर कसं झालंय ते कळतं. सचिवांच्या फाइलीत ‘शेतकर्यांच्या’ असं रफार डोक्यावर घेऊन बसलेलं होतं. कंट्रोल + एच दाबून एका फटक्यात सगळीकडे बदललं. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर हा ‘ऱ’ शिफ्ट + जे वर आहे. त्यापुढे डी दाबून हलन्त दिला आणि ‘य’ टंकला की ‘ऱ्य’ सरळ उमटतो. मराठीचं हे स्वतःचं अक्षर आहे, ते कीबोर्डवर सापडत नाही म्हणून वाटेल तसं लिहू नये.

फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी फुटते, वेलांट्या उड्या मारतात, अशी तक्रार अजून ऐकू येते. त्याला औषध आहे. प्रेफरन्सेसमध्ये ‘टाइप’ उघडा, तिथे ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. थोड्या जुन्या आवृत्तीत त्याचं नाव ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असं आहे. नवी फाइल उघडून टंका, अक्षरं जागेवर बसतात. जुन्या फाइलीतला मजकूर असेल तर पॅराग्राफच्या मेन्यूत जाऊन तोच लेआउट पुन्हा निवडावा लागतो. ही एक खूण माहीत नसल्यामुळे कितीतरी जण अजून मजकुराचं चित्र करून चिकटवतात.

दीड

डबा खाऊन इंदापूरला निघालो. भवानीनगर, बेलवाडी, लासुर्णे, निमगाव केतकी. पन्नासेक किलोमीटर, दोन्ही बाजूंना ऊस आणि मधेच डाळिंबाच्या बागा. बेलवाडीत दरवर्षी पालखीचं रिंगण होतं, तिथल्या स्वागत कमानीचं माप घ्यायचं होतं. फोनमध्ये माप घेणारी ॲप्स असतात, पण कमानीसाठी मी टेपच वापरतो. दहा फुटांवर फोनचं माप बोटभर चुकतं आणि फ्लेक्सला आयलेट मारल्यावर ते कळतं.

अडीच

इंदापूरजवळच्या एका बागाईतदार अण्णांना डाळिंबाच्या पेटीवर लावायचं लेबल हवं होतं, आणि त्यावर क्यूआर कोड. कुणीतरी बनवून दिलेला कोड त्यांनी मागच्या हंगामात छापला होता. महिनाभर चालला, मग स्कॅन केलं की पैसे भरा अशी पाटी यायची. लेबलं छापून पेट्यांवर बसलेली, आता काय करणार?

यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. नेटवर क्यूआर बनवून देणाऱ्या बऱ्याच साइट कोडमध्ये तुमचा पत्ता भरतच नाहीत, स्वतःचा पत्ता भरतात आणि तिथून माणसाला तुमच्याकडे वळवतात. मुदत संपली की वळवणं बंद. म्हणून कोड बनला की आधी फोननं स्कॅन करून वर येणारी लिंक वाचायची. ती तुमच्याच पानाची किंवा नकाशाची असली पाहिजे. कोरलड्रॉमध्ये एक्स 7 पासून क्यूआर आतच बनवता येतो. त्यात थेट लिंक भरली की कोड कायमचा, कुणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही.

अण्णांची बाग रस्त्यापासून आत, पत्ता सांगायचा तर “कॅनॉलच्या पुलावरून डावीकडं, मग चिंच” असा. गुगल मॅपवर बागेच्या फाटकावर बोट दाबून धरलं, खूण पडली, तिची लिंक घेतली आणि कोडात टाकली. कोड काळाच ठेवला. अण्णांना डाळिंबी रंग हवा होता, पण गोदामाच्या उजेडात पांढऱ्यावर काळं यासारखं काही नाही. पेटीचा पुठ्ठा तपकिरी, म्हणून पांढरं लेबल, आणि कोडाच्या चारी बाजूंनी मोकळी पट्टी. ही पट्टी लोक जागा वाचवायला कापतात आणि मग कोड चालत नाही म्हणतात. 1994 साली जपानच्या डेन्सो वेव्हनं हा कोड काढला तो मोटारींच्या सुट्या भागांसाठी. थोडा मळला, फाटला तरी वाचता यावा अशी सोय त्यात मुळातच आहे. सर्वांत वरची पातळी निवडली तर सुमारे तीस टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. पेट्या ट्रकमध्ये घासतात, म्हणून तीच निवडली. तिथल्या तिथे कागदावर छापून अण्णांच्या, त्यांच्या सुनेच्या आणि ड्रायव्हरच्या फोनवर चालवून बघितला.

निघताना अण्णा म्हणाले, फोन भरलाय, नवा घ्यावा का? व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ उघडून दिलं. 5 एमबीच्या वरचे सगळे व्हिडिओ एका जागी दिसतात. सुनबाई पुसायला बसल्या. नवा फोन राहिला बाजूला.

साडेपाच

परत बारामती. दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स 300 डीपीआयला करून आणणारा एक नवा मुलगा थांबला होता. त्याचं मशीन अडकत होतं. त्याला कागदावर हिशेब मांडून दिला. 72 डीपीआयला 8640 बाय 6912, म्हणजे सहा कोटींच्या आसपास पिक्सेल. 300 ला शंभर कोटींच्या वर, सतरा पट. भिगवण चौकात तीस फुटांवरून बघणाऱ्याला त्यातला फरक दिसत नाही. पत्रिका हातात धरून वाचतात, तिला 300 हवेतच. कोरलमध्ये फ्लेक्स दहाव्या हिश्शात बनवावा आणि एक्सपोर्ट करताना 720 डीपीआय द्यावा, हिशेब तोच बसतो आणि मशीन हलकं चालतं.

सात

लग्नपत्रिकेतली नावं. एक काका वहीची दोन पानं भरून निमंत्रकांची यादी घेऊन आले. मी फोनवर जीबोर्डचा माइक लावून दिला, म्हटलं काका, तुम्हीच वाचा. मराठी बोलून टंकायची ही सोय 2017 पासून आहे. काकांनी सावकाश वाचलं, यादी उमटत गेली. ‘देवकाते’ आणि ‘धायगुडे’ यांच्यापाशी ती अडखळली, ती हातानं दुरुस्त केली.

तपासायला मात्र डोळे पुरत नाहीत, कारण आपण लिहिलेलं डोळा वाचत नाही, आठवतो. मजकूर मायक्रोसॉफ्ट एजमध्ये उघडून ‘रीड अलाउड’ला लावला. त्यात मराठी आवाज आहेत. काका वही धरून बसले, संगणक वाचत होता. एका मामांचं नाव गाळलेलं कानानं पकडलं. पत्रिकेत मामांचं नाव राहणं म्हणजे काय, हे बारामतीकराला सांगायला नको.

नऊ

मावशींचा होकार आला होता. दशक्रियेचं कार्ड छपाईला सोडण्याआधी कोरलमध्ये कंट्रोल + क्यू. त्यानं अक्षरांच्या वळणरेषा होतात, प्रेसच्या मशीनवर फाँट नसला तरी काही हलत नाही. पण एकदा वळणरेषा झाल्या की ती अक्षरं राहत नाहीत, वेळ बदलली तर दुरुस्ती करता येत नाही. म्हणून आधी मजकुराची फाइल वेगळ्या नावानं साठवायची आणि मग कर्व्ह करायची. नावाच्या सुरुवातीला तारीख, तीही वर्ष, महिना, दिवस अशा क्रमानं, म्हणजे फोल्डर आपोआप लागलेलं राहतं.

दिवसाचं सगळं काम एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक प्रत ड्राइव्हवर गेली. दोघा भावांना कार्डाबरोबर फोटोची पूर्ण मोठी फाइल आणि युनिकोडमधला मजकूर, डॉक्युमेंट म्हणून पाठवला. वर्षश्राद्धाला ते इंदापुरात किंवा पुण्यात कुठल्याही दुकानात गेले तरी आईचा फोटो पुन्हा फ्रेममधून शोधावा लागणार नाही. थोरल्याचं उत्तर आलं: काकांचाही एक जुना फोटो आहे, उद्या आणू का? आणा म्हटलं, फ्रेमसकट आणा.