चांदण्यातला पाणवठा आणि दुर्बिणीचा भागाकार

वैशाखात चंद्रपूर-गडचिरोलीच्या पानगळीच्या जंगलात पाणी मोजक्याच जागी उरतं. म्हणूनच बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यालगत मचाणावर बसून प्राणी मोजण्याची पद्धत पडली. आता वाघांची गणना कॅमेरा ट्रॅपवर होते. पण ताडोबाच्या बफर क्षेत्रात ‘निसर्गानुभव’ म्हणून ती रात्र अजूनही जागवली जाते. दिवसा लख्ख दाखवणारी दुर्बीण नेमकी याच रात्री आंधळी होते. का?

उत्तर एका भागाकारात आहे. ८×४२ या दुर्बिणीत ८ म्हणजे दृश्य किती पट मोठं दिसेल, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच. एवढ्या मिलिमीटर रुंदीचा झोत डोळ्यात शिरतो. खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये तो जेमतेम ३ मिलिमीटरचा. भर उन्हात आपली बाहुलीच २-३ मिलिमीटरची असते, त्यामुळे फरक कळत नाही. अंधारात ती पसरते: तरुणपणी ७ मिलिमीटरपर्यंत, पन्नाशीनंतर बहुधा ५ च्या आसपास. म्हणून ७×५० चा ७ मिलिमीटरचा झोत विशीतल्या डोळ्याला पुरता मिळतो. साठीतल्या डोळ्याबाहेर तो बराचसा सांडतो आणि मानेवर वजन तेवढं राहतं.

दुर्बीण अंधार उजळत नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. चांदण्यातल्या गव्याची पाठ नुसत्या डोळ्यांना दिसते त्याहून उजळ ती दाखवू शकत नाही. उजेड जपून ती गवा मोठा करते, म्हणून तो ओळखू येतो. उजेड जपणं काचेवरच्या लेपावर अवलंबून असतं. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. असे १० पृष्ठभाग असले तर एक तृतीयांश प्रकाश वाटेतच हरवतो. म्हणून दुर्बीण विकत घेताना सर्व पृष्ठभागांवर बहुस्तरीय लेप, म्हणजे ‘फुली मल्टिकोटेड’, आहे का ते विचारा. १० पट दुर्बिणीत हाताचा कंपही १० पट होतो. म्हणून मचाणासाठी ८×४२ चांगली. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तिची परीक्षा होत नाही. दिवेलागणीला बाहेर नेऊन झाडाच्या सावलीत पाहा.

डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, आणि मोबाइलचा एक झगमगाट तो सराव मोडतो. मचाणावर चढलात की मोबाइल बंद करा. पाणवठ्याकाठची सावली हलली, तर ती दिसायला डोळे तयार असतील.