आभासी जगातील लेखकांचा कट्टा

घरबसल्या देशोदेशींच्या श्रोत्यांसमोर कथावाचन करण्याची सोय 'सेकंड लाइफ' या त्रिमितीय आभासी जगाने लेखकांना करून दिली आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅब कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेल्या या जगात सदस्य 'अवतार' धारण करून वावरतात. लेखक मंडळी ठरल्या वेळी तेथील कॅफेत वा ग्रंथालयात जमतात, परस्परांचे लेखन ऐकतात आणि त्यावर चर्चा करतात.

नामवंतांनीही येथे हजेरी लावली आहे. २००६ मध्ये कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट यांनी वयाच्या ८३ व्या वर्षी अवताररूपाने मुलाखत दिली. २००७ मध्ये विल्यम गिब्सन यांनी 'स्पूक कंट्री' या कादंबरीचे वाचन केले.

नवोदितांसाठी कळीचा मुद्दा हक्कांचा. निर्मितीचे बौद्धिक संपदा हक्क सदस्यांकडेच राहतील, असे कंपनीने २००३ मध्येच जाहीर केले. लेखन तेथील 'लिंडेन डॉलर' या चलनात विकताही येते.

मात्र हक्क लेखकाचे असले तरी सर्व्हर कंपनीचा असतो. 'देअर' हे असेच आभासी जग २०१० मध्ये बंद झाले. ते पुन्हा सुरू होण्यास २०१२ साल उजाडले. त्यामुळे आपल्या लेखनाची प्रत स्वतःच्या संगणकावर जपून ठेवणे श्रेयस्कर.