आतड्याचा दाह : दोष रक्ताचा की पोटातल्या जंतूंचा?

गेल्या महिन्यात दारव्ह्याकडचे एक शेतकरी दवाखान्यात आले. पन्नाशीतले गृहस्थ, माझे जुने पेशंट. त्यांना ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह आहे. गोळ्या चालू आहेत, तब्येत बरी आहे. यावेळी ते स्वतःसाठी आलेच नव्हते. मुलीचे स्थळ ठरत आले होते आणि मुलाकडच्यांच्या कानावर कुणीतरी घातले होते की, मुलीच्या बापाला आतड्याचा रोग आहे व तो रक्तातून उतरतो. बैठक अडली. गृहस्थ बराच वेळ टोपी हातात घेऊन बसले आणि मग म्हणाले, “डॉक्टरसाहेब, खरं सांगा. माह्या पोरीले बी हे होईन का?”

मी त्यांना जे उत्तर दिले ते शेवटी सांगतोच. पण त्या उत्तरामागे गेल्या तीस वर्षांतले मोठे संशोधन आहे आणि ते सर्वांनी समजून घेण्यासारखे आहे, म्हणून आजचा लेख त्याच विषयावर.

आधी रोगाची ओळख. आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे मुख्य प्रकार दोन. पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. हे नाव इंग्लंडचे डॉ. सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ साली वापरले. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, शौचावाटे रक्त व आव जाते. दुसरा क्रोनचा आजार. न्यूयॉर्कचे डॉ. क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन १९३२ साली प्रसिद्ध केले. हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण लहान आतड्याचे शेवटचे टोक ही त्याची आवडती जागा. आपल्याकडे आतड्याचा क्षयही नेमका तिथेच होतो, त्यामुळे भल्याभल्यांची फसगत होते.

फसगतीचे म्हणाल तर या शेतकरी बंधूंना पहिल्या वेळी मी स्वतःच आवेच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि त्या एकदा नव्हे तर दोनदा. त्याआधी कुणी मूळव्याध म्हणून मलम दिले होते. रक्त थांबेना, वजन उतरत चालले, रात्री झोपेतून उठून शौचाला जावे लागू लागले, तेव्हा मी त्यांना दुर्बिणीच्या तपासणीसाठी नागपूरला पाठवले. तिथे निदान झाले. सहा महिने वाया गेले, आणि त्यातले तीन माझ्या खात्यावर आहेत.

हा साहेबलोकांचा रोग, आपल्याकडे कुठला, असे आम्हा डॉक्टरांनाही शिकवले गेले होते. ते खरे नाही. लुधियानाच्या डॉ. अजित सूद यांच्या पथकाने पंजाबात घरोघर जाऊन सुमारे ५२ हजार लोकांची पाहणी केली. २००३ साली ती प्रसिद्ध झाली. लाखामागे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा रोग घराण्यात चालतो का? थोडाफार चालतो. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावंडांची रक्तातली घडण अगदी सारखी असते. त्यातील एकाला क्रोनचा आजार असेल तर दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण शंभरात साधारण ३० ते ५० भरते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये ते १० ते १५ च्या आसपास असते. म्हणजे वारसा आहे. पण हेच आकडे उलट बाजूने वाचा. घडण तंतोतंत सारखी असूनही निम्म्याहून अधिक जुळे निरोगीच राहतात. तेव्हा वारशाखेरीज दुसरे काहीतरी लागते. ते काय असावे, याचा पहिला ठोस धागा २००१ साली हाती आला.

त्या वर्षी फ्रान्स व अमेरिकेतील दोन गटांनी एकाच वेळी ‘नॉड-२’ नावाचे जनुक शोधले. जनुक म्हणजे आईबापांकडून आलेली, पेशीतली एक लेखी सूचना. क्रोनच्या अनेक रुग्णांत ही सूचना बिघडलेली आढळली. गंमत अशी की, या जनुकाचा पचनाशी थेट संबंध नाही. त्याचे काम जीवाणूंच्या कवचाचा एक तुकडा ओळखण्याचे. वेशीवरच्या कोतवालाने आलेला माणूस गावचा की परका हे पाहावे, तसे. त्यानंतर अशा दोनशेहून अधिक जागा आपल्या जनुकांत सापडल्या आहेत, आणि त्यांतील कितीतरी पुन्हा जंतूंना ओळखणे, त्यांना अडवणे किंवा त्यांच्याशी जुळवून घेणे याच कामाच्या आहेत. म्हणजे वारशाने जे येते ते बहुतांशी पोटातल्या जंतूंशी वागण्याची रीत असते, आयता रोग नव्हे.

जंतू म्हटले की आपण नाक मुरडतो. पण आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात, साधारणपणे शरीरातल्या पेशींइतकेच, आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. आपल्याला न पचलेला कोंडा, डाळींचे साल, भाजीचे धागे हे त्यांचे अन्न. ते खाऊन त्यातील काही जीवाणू ‘ब्यूटिरेट’ नावाचे आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच जगतात. असा हा परस्परांचा व्यवहार आहे, बलुतेदारीसारखा.

व्यवहार बिघडला तर काय होते? याचे उत्तर उंदरांनी दिले. १९९३ साली जर्मनीतील शास्त्रज्ञांनी दाह शमवणारे एक जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्यांना आतड्याचा दाह झाला. १९९८ साली अमेरिकेत तसलेच उंदीर पूर्णपणे निर्जंतुक पेटीत वाढवले गेले. जनुकाचा दोष तोच, पण पोटात एकही जीवाणू नाही. त्यांना दाह झालाच नाही. मग त्यांच्या पोटात साधे, नेहमीचे जीवाणू सोडले आणि दाह सुरू झाला. या एका प्रयोगाचे महत्त्व मला फार वाटते. नुसत्या जनुकाने रोग झाला नाही, आणि नुसत्या जीवाणूंनीही झाला नसता, कारण तेच जीवाणू निरोगी उंदरांच्या पोटात सुखाने नांदत होते.

पुढे कॅलिफोर्नियातील सार्किस मॅझमेनियन यांच्या गटाने २०१६ साली आणखी एक बाजू दाखवली. पोटातील काही चांगले जीवाणू शरीराला ‘शांत राहा’ असा निरोप पाठवतात. नॉड-२ आणि त्याच्या जोडीचे आणखी एक जनुक बिघडलेले असले तर हा निरोप पोहोचतच नाही. उपकार करणारा शेजारी दारात उभा आहे, पण घरातला माणूस बहिरा, असा प्रकार. हॉलंडमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेली पाहणी तर निरोगी लोकांवर होती. ज्यांच्या जनुकांत या रोगाचा धोका अधिक होता, त्यांच्या पोटात ‘रोझबुरिया’ नावाचे, ब्यूटिरेट तयार करणारे जीवाणू कमी आढळले. रोगाचा पत्ता नाही, पण जंतूंची वस्ती आधीच थोडी विरळ झालेली.

वाचक म्हणतील, हे सगळे गोऱ्यांचे झाले. आमचे काय? रास्त शंका आहे. गोऱ्या लोकांत सापडणारे नॉड-२ चे ते ठरावीक दोष भारतीयांत फार क्वचित आढळतात. आपला वारसा वेगळा. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. बी. के. थेल्मा व डॉ. सूद यांच्या गटाने उत्तर भारतातील रुग्णांची जनुके तपासून २०१५ साली काही नव्या जागा दाखवल्या. त्यातले एक जनुक मोठ्या आतड्यातील एका वाहकाचे आहे. हा वाहक कशाची ने-आण करतो, ते अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१४ साली दाखवले होते : आतड्यातले जीवाणू जे ब-१ जीवनसत्त्व तयार करतात, त्याची. म्हणजे देश बदलला, जनुक बदलले, तरी वाट पुन्हा जंतूंच्याच दाराशी आली.

आणि आपले जंतूही वेगळे आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे व त्यांचे सहकारी यांनी यावर वर्षानुवर्षे काम केले. भारतीयांच्या पोटात ‘प्रिव्होटेला’ व ‘मेगास्फेरा’ या जातींची रेलचेल असते, असे त्यांनी २०१६ साली दाखवले. त्याआधी २०१४ साली पुण्यातल्याच संशोधकांनी माणसाच्या विष्ठेतून एक नवी जात वेगळी केली आणि तिला नाव दिले ‘मेगास्फेरा इंडिका’. प्रिव्होटेला हा धान्य-डाळी-भाजी खाणाऱ्यांच्या पोटात रमणारा जीवाणू. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी हा त्याचाही पाहुणचार आहे. कपाशी आणि सोयाबीनने ज्वारीचे वावर खाल्ले, तेव्हा त्याचे ताट कोण वाढणार हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

ताट आणि गाव बदलले की काय होऊ शकते, याचे एक उदाहरण इंग्लंडमधील लेस्टर शहराचे आहे. तिथे स्थायिक झालेल्या भारतीयांची पाहणी १९९२ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्यात दरवर्षी लाखामागे सुमारे ११ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होत होता. तिथल्या गोऱ्यांत हे प्रमाण निम्म्यावर होते. आगबोटीतून वा विमानातून जाताना कुणाची जनुके बदलत नाहीत. बदलते ते अन्न, पाणी, हवा, आणि त्याबरोबर पोटातली वस्ती.

ही वस्ती उजाड करणारे एक हत्यार आपल्या सर्वांच्या घरात आहे, ते म्हणजे अँटिबायोटिक. डेन्मार्कमध्ये दहा वर्षांवरील ६१ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २०२३ साली निष्कर्ष आले. अँटिबायोटिकचे जितके अधिक कोर्स झाले, तितके आतड्याच्या दाहाचे प्रमाण वाढलेले दिसले, विशेषतः चाळिशीनंतर. औषधामुळेच रोग झाला असे यावरून सिद्ध होत नाही, परंतु सावध होण्यास एवढे पुरे आहे. आपल्याकडे साधी सर्दी झाली की मेडिकलमधून तीन दिवसांच्या कॅपसुला आणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी बरे वाटले की उरलेल्या फडताळात ठेवायच्या, ही रीत सुटता सुटत नाही. न्यूमोनियाला, विषमज्वराला अँटिबायोटिक हवेच. तिथे टाळाटाळ नको. पण सर्दीला नको.

उलट बाजूने, जंतू बिघडले म्हणून रोग, तर मग ताक प्या आणि गोळ्या सोडा, असा सल्ला देणारेही भेटतात. माझ्या याच पेशंटने एका वर्षी पेरणीच्या घाईत आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून महिनाभर गोळ्या बंद केल्या. श्रावण संपायच्या आत रक्त पुन्हा सुरू झाले. ताक चांगलेच आहे, पण ते औषधाच्या जागी चालत नाही. दाह भडकलेला असताना तर भाकर-कोंड्याचे प्रमाण किती ठेवायचे, हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. शौचावाटे रक्त, चार आठवड्यांहून अधिक जुलाब, उतरणारे वजन, रात्री उठवणारी शौचाची भावना, यांपैकी काहीही असेल तर मूळव्याध म्हणून घरी बसू नका. दुर्बिणीच्या तपासणीला लोक फार भितात. तशी भिण्यासारखी ती नाही.

आता त्या बापाला दिलेले उत्तर. आईबापांपैकी एकाला अल्सरेटिव्ह कोलायटिस असेल, तर अपत्याला तो होण्याचा धोका पाश्चात्त्य देशांतील आकड्यांप्रमाणे शंभरात सुमारे २ असतो. क्रोनच्या आजारात तो ५ च्या आसपास. आपल्याकडे मुळात रोग कमी, तेव्हा हे आकडे याहून मोठे असण्याचे कारण दिसत नाही. हा रोग शेजारी बसून, एका ताटात जेवून वा संसार करून लागत नाही. मी हे सगळे माझ्या लेटरहेडवर मराठीत लिहून सही-शिक्का करून दिले. वर तोंडी सांगितले की, मुलाकडच्यांपासून काही लपवू नका. त्यांना शंका असेल तर दवाखान्यात घेऊन या.

पुढच्या मंगळवारी मुलाचे वडील खरोखरच आले. चिठ्ठी त्यांच्या खिशात होती. त्यांनी पाऊण तास प्रश्न विचारले, त्यातला एक मला अवघड गेला : “डॉक्टरसाहेब, आमच्या घरी तरी असा रोग कोणाले नाही, हे मी कशावरून सांगू?” त्यांच्या घरात मूळव्याधीचे दोन जुने पेशंट आहेत. त्यातल्या एकाची, मुलाच्या काकांची, दुर्बिणीची तपासणी आता पुढच्या आठवड्यात ठरली आहे. लग्नाची तारीख मात्र काढून झाली.