परतीचं तिकीट फक्त जिवंतांना

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ब्रिज रोडवर १२१ क्रमांकाची लाल विटांची उंच, चिंचोळी इमारत आहे. आज तिच्यात कचेऱ्या आहेत. १९०२ पासून १९४१ पर्यंत मात्र तिच्या कमानीखालून शवपेट्या आत जात, लिफ्टने फलाटावर चढवल्या जात आणि आगगाडीने गावाबाहेर पडत. हे लंडन नेक्रोपोलिस स्टेशन. त्याआधीचं पहिलं स्टेशन १८५४ साली वॉटर्लूजवळच उभं राहिलं होतं. वॉटर्लूच्या विस्तारात ते पाडलं गेलं.

मूळ कारण कॉलरा. १८४८-४९ च्या साथीत लंडनमध्ये चौदा हजारांहून जास्त माणसं दगावली आणि चर्चची आवारं आधीच खच्चून भरलेली. नवा खड्डा खणावा तर जुनी हाडं वर यावीत. तेव्हा सर रिचर्ड ब्रून आणि रिचर्ड स्प्राय यांनी सुचवलं, की मृतांना शहरापासून २३ मैलांवर, सरेतल्या ब्रुकवुडच्या माळावर न्यावं, तेही रेल्वेने. १८५२ साली पार्लमेंटने कायदा करून या कामासाठीच्या कंपनीला परवानगी दिली. लंडनचे बिशप ब्लोमफिल्ड यांना रेल्वेची कल्पना आधीपासूनच पसंत नव्हती. गाडीची घाई आणि गोंगाट अंत्यविधीला शोभत नाही, ही एक तक्रार. दुसरी जास्त बोलकी: एखाद्या दुराचारी माणसाचं प्रेत सभ्य कुटुंबातल्या प्रेताशेजारी प्रवास करील, त्याचं काय?

कंपनीने ही भीती मनावर घेतली. गाडीचे दोन भाग झाले, अँग्लिकनांचा एक आणि बाकीच्यांचा दुसरा. शिवाय प्रत्येकात पहिला, दुसरा, तिसरा वर्ग. जिवंतांना आणि मृतांनाही! ब्रुकवुडच्या दफनभूमीतही दोन स्टेशनं होती, उत्तरेकडचं इतर पंथीयांसाठी, दक्षिणेकडचं अँग्लिकनांसाठी. शवपेटीचं भाडं पहिल्या वर्गाला एक पौंड, तिसऱ्याला अडीच शिलिंग, आणि ते अर्थातच एकेरी. शोक करणाऱ्यांना जाऊन-येऊन तिसऱ्या वर्गाचे दोन शिलिंग पडत. हे दर जवळपास शेवटपर्यंत तसेच राहिले. त्यामुळे जवळच्या गोल्फच्या मैदानावर जाणारे काही हौशी लोक काळे कपडे घालून याच स्वस्त गाडीत बसत, असं सांगतात. इंग्रजी काटकसर ती!

पण या व्यवस्थेची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. १३ नोव्हेंबर १८५४ ला ब्रुकवुडमध्ये पहिलं दफन झालं ते साउथवर्कमधल्या एका गरीब घरातल्या, मृतच जन्मलेल्या जुळ्यांचं. इतरत्र गरिबांची प्रेतं एकाच खड्ड्यात रचली जात असताना कंपनी त्यांनाही स्वतंत्र कबर देत होती.

३ फेब्रुवारी १८९१ ला नास्तिक खासदार चार्ल्स ब्रॅडलॉ यांना इथेच पुरलं. हिंदुस्थानच्या बाजूने पार्लमेंटमध्ये बोलणारे ब्रॅडलॉ १८८९ च्या मुंबई काँग्रेसला हजर राहिले होते. त्यांच्या अंत्यविधीला हजारो लोक आले, त्यांत कायद्याचा अभ्यास करणारा एकवीस वर्षांचा मोहनदास गांधीही होता. परतीच्या गाडीची वाट बघताना एका नास्तिकाने पाद्र्याला कसं छेडलं, ते गांधींनी आत्मकथेत नोंदवलं आहे. साम्यवादी विचारवंत एंगेल्सचा निरोप समारंभ तर १८९५ साली थेट नेक्रोपोलिस स्टेशनातच झाला. जर्मनीत १९०४ साली वारलेले जमशेटजी टाटा यांची कबरही ब्रुकवुडच्या पारशी विभागात आहे.

कंपनीचे हिशेब मात्र कधी जुळले नाहीत. वर्षाला निदान दहा हजार प्रेतं येतील अशी अपेक्षा होती. १९४१ पर्यंतची सरासरी वर्षाला तेवीसशेच्या आसपासच राहिली. लंडनच्या कडेला नव्या दफनभूमी निघाल्या, पुढे मोटारी आल्या. रोजची गाडी १९०० नंतर गरजेपुरतीच सुटू लागली. १६ एप्रिल १९४१ च्या रात्री जर्मन बॉम्बनी स्टेशनाचा मोठा भाग आणि उभे डबे उद्ध्वस्त केले, आणि पुन्हा बांधण्याइतका धंदा उरलेला नव्हता. रूळ नंतर उखडले गेले. दक्षिणेच्या स्टेशनाचा फलाट शिल्लक आहे. त्याला लागून आता ऑर्थोडॉक्स साधूंचा मठ आहे.