दहा वर्षांचा कान

मैफलीत गायिकेच्या मागे दोन सुरेख तानपुरे होते, पण सूर येत होता शेजारी ठेवलेल्या फोनमधून. तानपुऱ्यांची जवारी, म्हणजे तारेची ती झणक, गेली होती आणि ती काढून देणारं गावात कुणी नव्हतं, असं मागाहून कळलं. म्हणून तानपुरे जिथे बनतात त्या मिरजेला गेलो.

सतारमेकर गल्लीत आधी लाख-स्पिरिटचा वास येतो, मग माळ्यावर टांगलेले भोपळे दिसतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे, भीमेच्या काठी पिकणारे हे भोपळे जाड सालीचे आणि कडू, खायच्या कामाचे नाहीत. ते भिजवून, कापून, आतून साफ करायचे, वर तबली बसवायची, तुणाच्या लाकडाची दांडी जोडायची, खुंट्या, नक्षी, पॉलिश. फोटो काढायला येणारे बहुतेक इथवरच पाहतात.

जवारीचं काम कोपऱ्यात चालतं. तिथले चाचा सत्तरीचे असावेत. मांडीवर आडवा तानपुरा, काळी चारचा, म्हणजे बाईच्या आवाजाचा. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीच्या हाडी माथ्यावरून कानस दोनदा फिरली आणि जळक्या केसांसारखा वास सुटला. भुकटी फुंकून त्यांनी तार चढवली, छेडली, आणि नाक मुरडलं. तार उतरवली. पुन्हा कानस. माथा सपाट दिसतो, पण त्याला बारीकसा उतार असतो. थरथरणारी तार त्या उताराला निसटती शिवत राहते, म्हणून एका तारेतून इतके स्वर झरतात. उतार जास्त झाला तर सूर मुका होतो, कमी झाला तर तार चरचरते. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. अशा चार तारा.

‘‘शिकायला किती दिवस लागतात?’’

‘‘हात सहा महिन्यांत बसतो. कानाला दहा वर्षं.’’

या गल्लीतल्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम सरलं तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी सतारीला हात घातला. पुढे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांच्यासारखा कान समोर बसलेला असताना कारागिराला ‘चालतंय’ म्हणून भागत नसणार. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं, नकली मालाला थोडा आळा बसेल. पण मानांकन नावाला मिळतं. चाचांच्या कानाला कुठलं प्रमाणपत्र? कला जपायची म्हणून आपण प्रदर्शनं भरवतो, शाली पांघरतो, कारागिराला दोन दिवस मंडपात बसवतो. दहा वर्षं एखाद्या पोराचा पगार कोण देणार, हा हिशेब कुठल्याच पत्रिकेवर छापलेला नसतो.

चाचांचा पुतण्या त्याच दुकानात असतो. हुशार आहे, ऑनलाइन ऑर्डरी तोच घेतो, परदेशी पार्सलं बांधतो, पॉलिशही उत्तम करतो. जवारी नाही करत.

‘‘दहा वर्षं, साहेब,’’ तो टेप ओढत हसला. ‘‘तोवर पार्सलं कोण बांधणार?’’

चाचांनी मान वर केली नाही. बिघडलेल्या घोड्यांचा पत्र्याचा डबा मात्र पायाने त्याच्याकडे ढकलला. ‘‘यातली एक घे. रात्री घास. बिघडली तरी बिघडलेलीच आहे.’’

पुतण्याने डबा उचलून टेबलाखाली ठेवला आणि पत्त्याचं लेबल चिकटवायला घेतलं.