‘वॉज’चं ‘वेअर’ का होतं?

एकवचनी ‘वॉज’, अनेकवचनी ‘वेअर’. शाळेत आपण हे पाठ करून मोकळे होतो. त्या ‘र’मागे आद्य जर्मानिक भाषेतलं एक क्रियापद आहे: *वेसनँ, म्हणजे असणं, राहणं. आधीची चांदणी सांगते की हे रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी ते पुन्हा उभं केलंय. (आद्य जर्मानिक म्हणजे जुनी जर्मन नव्हे, इंग्रजी, डच, स्वीडिशही तिच्याच लेकी.)

‘लिहिलेलं नाही, म्हणजे कल्पनेतलंच’ हा पहिला गैरसमज. पण जुन्या इंग्रजीत वॅस–वॅरोन, जुन्या उच्च जर्मनमध्ये वास–वारुन, आजच्या डचमध्ये वास–वारेन. दरवेळी एकवचनात ‘स’, अनेकवचनात ‘र’. हे कोडं डॅनिश अभ्यासक कार्ल वेर्नर यांच्या नियमाने सुटलं. तो १८७७मध्ये प्रसिद्ध झाला. आधीच्या अक्षरावर आघात नसेल, तर मधला ‘स’ मऊ होऊन ‘झ’ झाला. पुढे इंग्रजी-जर्मनच्या पूर्वरूपांत त्याचा ‘र’ झाला. पण जर्मानिक भाषांत आघात नंतर पहिल्या अक्षरावर येऊन बसला आणि मूळ जागेची खूण पुसली गेली. ती सापडली वैदिक संस्कृतात. ‘वस्’ धातूचं ‘उवास’ घ्या, उदात्त (म्हणजे आघात) धातूवर. अनेकवचनी ‘ऊषुः’मध्ये तो प्रत्ययावर सरकतो, आणि नेमका तिथेच इंग्रजीत ‘र’ येतो! इतकं चोख जुळणं कल्पनेला जमत नाही.

यावरून ‘इंग्रजी संस्कृतातून निघाली’ असा निष्कर्ष काढायची आपल्याकडे फार घाई असते. संस्कृत इथे साक्षीदार आहे, आई नव्हे. दोघींचं मूळ त्याहून जुन्या भाषेत. ‘गाव वसलं’मधलं आपलं वसणं संस्कृतातून आलं, ‘वॉज’ त्याचं दूरचं चुलत भावंड.

जुना ग्रंथ म्हणजे जुनं रूप, असंही नाही. वुल्फिलाने चौथ्या शतकात केलेल्या गॉथिक (हीही जर्मानिकच) बायबलच्या भाषेत अनेकवचन ‘वेसुन’ आहे, ‘स’सकट, एकवचनाच्या वळणावर गेलेलं. आजच्या जर्मनने उलट केलं: वार–वारेन. जुनी तफावत इंग्रजीने जपली.

आणि ‘इज’, ‘बी’, ‘वॉज’ ही मुळात एकाच क्रियापदाची रूपं नाहीत. ‘इज’ संस्कृत ‘अस्’चा सगोत्र, ‘वॉज’ ‘वस्’चा, तर ‘बी’ ‘भू’चा, त्याच ‘भू’पासून आपलं ‘होणं’ आलं.